मुंगी शिरेल एवढी फट

काच बदलायची होती, बाकी काही नाही. हे वाक्य चिरंजीवांनी पुढच्या नऊ दिवसांत इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी त्यांना स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. पण खरंच तेवढंच होतं. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक फ्रेम, तिची काच जुनी आणि धुरकट. ती काढायची आणि नवी बसवायची. अर्ध्या तासाचं काम.

चिरंजीव म्हणजे कुणी पाळण्यातलं बाळ नव्हे. वय वर्षं चोपन्न, पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, डोक्यावरचे केस मोजून घ्यावेत एवढे. अण्णा, म्हणजे वडील, लाडात असले की त्यांना ‘अरे’ म्हणत आणि रागावले की ‘काय चिरंजीव?’ म्हणत. लाडाचे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे दुसरंच नाव चिकटलं. आता बायकोसुद्धा फोनवर मैत्रिणीला सांगते, “आमच्या चिरंजीवांनी आज पुन्हा छत्री हरवली,” आणि पलीकडून मैत्रीण विचारते, “कितवीत आहे गं तो?”

तर फ्रेम. अण्णा आयुष्यभर छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षराला अक्षर जोडायचं, ओळीला ओळ लावायची, असं काम. त्यांनी एकट्यानं जुळवलेलं पहिलं पान म्हणजे एका बसकंपनीचं वेळापत्रक. अकरा रकाने, बावीस ओळी, कडेला थांब्यांची नावं आणि बाकी सगळे आकडे. ती कंपनी कधीच बुडाली, बसगाड्या भंगारात गेल्या, छापखान्याच्या जागी आता व्यायामशाळा आहे आणि तिथे लोक पैसे भरून वजनं उचलतात. पण वेळापत्रक राहिलं. आधी छापखान्याच्या भिंतीवर होतं, छापखाना बंद झाल्यावर घरच्या भिंतीवर आलं.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा त्याच्यासमोर उभं करत. पाहुण्याला वाटे, आता गाड्यांबद्दल काही ऐकायला मिळणार. अण्णा गाड्यांबद्दल चकार शब्द काढत नसत. ते कोपरे दाखवत. “या चौकटीच्या रेघा पितळी पट्ट्यांच्या. दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटतात तिथे फट राहतेच. कुठलंही जुनं पान बघा, कोपरे उघडे. मी जेवणाच्या सुट्टीत कानस घेऊन बसलो आणि चारही कोपरे तिरपे घासून जुळवले. बघा. मुंगी शिरणार नाही!” पाहुणा वाकून बघे, मान डोलवे आणि चहाची वाट बघे. चिरंजीवांनी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की आता ती सुरू झाली की त्यांना ती ऐकूच येत नसे. घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही, तसं.

गेली चार वर्षं अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. वेळापत्रक त्यांना दिसत नव्हतं, पण गोष्ट चालूच होती. ते भिंतीकडे बोट करून आठवणीतून बोलत. शेवटी एका डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि चिरंजीवांच्या मनात एक हळवा विचार आला. अण्णा नव्या डोळ्यानं पहिल्यांदा ते वेळापत्रक बघतील, तेव्हा मध्ये ही मळकी काच कशाला? हळवे विचार आले की माणसानं थोडा वेळ आडवं पडावं. चिरंजीव उठले.

दवाखान्यात एकालाच बसू देणार होते. सुया आणि औषधांचा वास यांपुढे चिरंजीवांचं काय होतं हे सर्वांना ठाऊक असल्यानं ती नेमणूक बायकोची झाली. चिरंजीवांनी रजा टाकली आणि फ्रेम काखेत मारून फ्रेमवाल्याकडे गेले. फ्रेमवाल्यानं मागचा पुठ्ठा काढला, नखानं कडेला खरवडून बघितलं आणि हात मागे घेतला.

“कागद काचेला धरलाय साहेब. मी हात लावणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे राहू दे तसंच. फाटला तर तुम्ही म्हणाल, मी फाडला.”

नऊ दिवसांत मिळालेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला. चिरंजीवांनी त्याची गणना कामचुकारपणात केली आणि घरी आले.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. मास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण शाळेत विज्ञान शिकवण्याची सवय सुटलेली नाही. आता वर्ग नाही, म्हणून जिन्यात शिकवतात.

“काचेला चिकटलाय? साधी गोष्ट आहे. पाण्यात ठेवा.”

“पण मास्तर, कागद—”

“अहो, कागद म्हणजे काय? लाकूड! लाकूड पाण्याला घाबरतं का? होड्या कशाच्या करतात?”

“लाकडाच्या.”

“मग? आणि छपाईची शाई तेलातली. ती पाण्यात हलायची नाही. वीस मिनिटं.”

पितळेची परात आली, कोमट पाणी आलं, काचेसकट वेळापत्रक पाण्यात गेलं. मास्तर मनगटावरचं घड्याळ लावून बसले. पण वीस मिनिटं नुसतं पाण्याकडे काय बघायचं म्हणून मास्तरांनी आपल्या निवृत्तिवेतनाच्या फायलीचा प्रवास सांगायला घेतला आणि फाईल तिसऱ्या टेबलावर पोहोचेपर्यंत पाऊण तास झाला होता. मास्तरांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. शाई हलली नाही. कागद सुटलासुद्धा. फक्त तो काचेपासून न सुटता स्वतःपासूनच सुटला होता. चिरंजीवांनी हात घातला तेव्हा सहा पाचची गाडी त्यांच्या बोटाला लागली आणि बाकीचं वेळापत्रक परातीत खाली बसलं.

“कागद हलक्या प्रतीचा होता,” मास्तर म्हणाले आणि वर निघून गेले.

काचेच्या एका कोपऱ्याला टपाल तिकिटाएवढा तुकडा तेवढा चिकटून राहिला होता. पाण्यानं तोही सैल झाला होता. चिरंजीवांनी तो अलगद उचलून टिपकागदावर वाळवला आणि दुसरं काही सुचेना म्हणून कार्यालयाच्या ओळखपत्राच्या प्लास्टिक पाकिटात, ओळखपत्राच्या मागे सरकवून ठेवला. मग ते परातीशेजारी जमिनीवर बसून राहिले. त्यांना रडू येत होतं, पण चोपन्नाव्या वर्षी परातीशेजारी बसून रडायचं कसं, हेही कळत नव्हतं.

दुपारी बायको अण्णांना घेऊन आली. अण्णांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं. तिनं त्यांना आतल्या खोलीत निजवलं, बाहेर आली आणि परातीत वाकून बघितलं.

“अहो, हे काय शिजवताय?”

चिरंजीवांनी सांगितलं. ती खुर्चीवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला अशा न बोलण्याचे सगळे अर्थ कळतात. शेवटी ती म्हणाली, “डॉक्टरांनी आठ दिवस काळा चष्मा सांगितलाय. नवव्या दिवशी तपासणी. तोवर वाचायचं नाही, डोळ्यांवर ताण द्यायचा नाही.”

“म्हणजे आठ दिवस आहेत.”

“आणि तोपर्यंत ते भिंतीवर काय बघणार? खिळा?”

मग तिनंच वॉशिंग मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेचं मधलं पान काढून रिकाम्या फ्रेममध्ये बसवलं. त्यातही रकाने होते: सुती, रेशमी, लोकरी, भिजवणे, पिळणे. लांबून आणि काळ्या चष्म्यातून सहज खपण्यासारखं. संध्याकाळी अण्णा भिंत धरत न्हाणीघराकडे निघाले, वाटेत सवयीनं थांबले, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्याला दोन बोटं लावली आणि पुढे गेले. लोकरी कपड्यांना असा मान जगात कुठे मिळाला नसेल. चिरंजीवांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. वेळापत्रकाचा एक फोटो सापडला. भाचीच्या वाढदिवसाचा होता. पुढे केक, मागे मेहुणा, त्याच्या मागे भिंतीवर फ्रेम. मेहुण्याचं डोकं मुळातच ऐसपैस. ते पाचव्या ओळीपासून चौदाव्या ओळीपर्यंत पसरलं होतं. “तुझ्या भावाला जरा वाकून उभं राहता येत नव्हतं?” असं चिरंजीव म्हणून गेले आणि त्या दिवशी घरातली उरलीसुरली सहानुभूतीही गमावून बसले.

मग ते परिवहन कार्यालयात गेले. जुन्या कंपनीची दप्तरं तिथेच असणार असा त्यांचा अंदाज होता. खिडकीमागच्या लिपिकानं चष्मा कपाळावर चढवला.

“कुठे जायचंय?”

“जायचं नाही. वेळापत्रक हवंय. पन्नास-बावन्न वर्षांपूर्वीचं.”

“ती गाडी गेली.”

“ठाऊक आहे. गाडी नको, कागद हवाय.”

“अर्ज लिहा. कारणाचा रकाना भरा. ‘वैयक्तिक’ लिहू नका, चालत नाही.”

“मग काय लिहू?”

“प्रवास.”

चिरंजीवांनी अर्ज लिहिला. लिपिकानं तो वाचला, दुसऱ्या खिडकीवर पाठवला. दुसऱ्या खिडकीनं प्रवासाची तारीख नाही म्हणून परत पाठवला. पहिली खिडकी तेवढ्यात जेवायला गेली होती. चिरंजीव स्वतः तीस वर्षं अशाच एका खिडकीमागे बसत आलेले. त्यांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मनातून त्या माणसाच्या हातोटीला दादच द्यावीशी वाटली. चार वाजता त्यांच्या हातात पडला हरवलेल्या सामानाच्या चौकशीचा फॉर्म. तो घेऊन ते घरी आले. फॉर्म भरायला घेतल्यावर लक्षात आलं की ‘सामानाचे वर्णन’ या रकान्यात लिहिण्याजोगं बरंच काही आपल्याकडे आहे. त्यांनी तो घडी करून ठेवून दिला.

उरलं एकच दप्तर. ते आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडलं होतं.

“अण्णा,” चिरंजीव पलंगाच्या कडेला बसत म्हणाले, “त्या वेळापत्रकात पाचवी ओळ कसली होती हो?”

“का रे?”

“सहज.”

“चोपन्न वर्षांत सहज कधी विचारलं नाहीस.”

“तुम्ही पडून कंटाळला असाल म्हणून.”

अण्णा उशी सारखी करून बसले आणि सुरू झाले. पाचवी ओळ गिरणी नाका: सहा दहा, सहा तीस, सहा पन्नास. सहावी दवाखाना. सातव्या ओळीत आठाचे खिळे संपले, तेव्हा शेजारच्या मशीनवर लावलेल्या लग्नपत्रिकेतून दोन आठ काढून आणले आणि तिथे तात्पुरते नऊ लावून ठेवले. परत बदलायची आठवण राहिली म्हणून बरं, नाहीतर वऱ्हाड दुसऱ्या दिवशी आलं असतं. अण्णा हसत होते. बाप असा हसलेला चिरंजीवांना आठवत नव्हता. वर्तमानपत्राखाली वही धरून ते चोरासारखं टिपून घेत होते आणि प्रत्येक आकड्यागणिक त्यांना अधिकच हलकट वाटत होतं. असं तीन दुपारी चाललं. अण्णा चहा झाला की स्वतःच हाक मारत, “अरे, येतोस का? अकरावी ओळ राहिलीय.” अरे! चिरंजीव नव्हे.

तिसऱ्या दुपारी बाविसावी ओळ संपली. अण्णांनी खोल श्वास घेतला. “आणि मग ते कोपरे—”

“हो अण्णा, कोपरे माहीत आहेत,” चिरंजीव म्हणाले आणि वही मिटून उठले.

कोपऱ्यावर एक दुकान आहे. तिथे लग्नपत्रिका, दुकानांचे फलक आणि हरवलेल्या कुत्र्यांच्या जाहिराती संगणकावर करून मिळतात. चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, कामाबद्दल अतिशय गंभीर, कमी बोलणाऱ्या. आपण त्यांना डिझाइनरबाई म्हणू. त्यांनी वही बघून अर्ध्या दिवसात सगळं वेळापत्रक पडद्यावर मांडलं. अकरा रकाने, बावीस ओळी, लख्ख.

“छान झालं,” चिरंजीव म्हणाले.

“छान कसलं काका? मेलेलं आहे हे,” बाई म्हणाल्या. काका या शब्दानं चिरंजीवांना टोचलं, पण अडला हरी. “प्रत्येक अक्षर सारखं काळं, प्रत्येक रेघ सारखी जाड. कुणीही सांगेल, संगणकावरचं आहे. जुनं म्हणजे थोडं खाल्लेलं पाहिजे.”

“मग खाऊ दे.”

वाटलं होतं, एखादं बटण असेल. बटण होतंही. ते दाबल्यावर सगळ्या पानावर पावडर सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले. पण बाईंनी नाक मुरडलं. ही फसवणूक आहे म्हणाल्या. इथला ‘स’ आणि तिथला ‘स’ अगदी एकाच जागी झिजलाय, खऱ्या छपाईत असं कधी होतं का? आणि त्या प्रत्येक अक्षर वेगळं झिजवायला बसल्या. इथे शाई फिकी केली, तिथे फुगवली. एक ओळ केसभर वर ढकलली. आकड्यांच्या कडा कुरतडल्या. पानावर एकूण एकेचाळीस ‘स’ होते. चिरंजीव प्लास्टिकच्या स्टुलावर बसून एकेचाळीस ‘स’ झिजताना बघत राहिले, आणि दोन दिवसांत बाकी काही नाही तरी स्वतः मात्र चांगलेच झिजले. तिथेच बसून त्यांनी कार्यालयात फोन करून रजा वाढवली. कारण म्हणून ‘वडिलांचे डोळे’ असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

“आता हे चार कोपरे,” बाई म्हणाल्या. “जुन्या छपाईत पट्ट्या कोपऱ्यात कधी जुळायच्या नाहीत. फट राहायचीच. मी मुद्दाम अभ्यास केलाय यावर. फट ठेवली की जाणकार माणूस लगेच ओळखतो.”

जाणकार माणसानं ओळखावं, हाच तर सगळा खटाटोप होता. “ठेवा,” चिरंजीव म्हणाले.

छापलेला कागद अजून पांढराच होता. मास्तर जिन्यात वाटच बघत होते. परातीच्या प्रसंगानंतर त्यांचा आत्मविश्वास दोन दिवस खालावला होता, तेवढाच.

“चहा,” मास्तर म्हणाले. “चहाच्या पाण्यात एकदा बुडवला की पन्नास वर्षं चढतात.”

“पुन्हा बुडवायचा?”

“बुडवायचा म्हणजे नुसता दाखवायचा. कापसानं.”

तोवर चिरंजीवांना विचार करण्याचा कंटाळा आला होता. सकाळचा चहा पातेल्यात उरला होता, तो कापसानं कागदाला लावला. रंग मात्र झकास आला, मास्तरांनाही गहिवरून आलं. फक्त एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही. चिरंजीवांच्या घरचा चहा गोड असतो. अण्णांना दोन चमचे लागतात.

आठव्या दिवशी सुती, रेशमी, लोकरी उतरलं, वेळापत्रक चढलं आणि नव्या, स्वच्छ काचेमागे झळकू लागलं. बायकोनं चार पावलं मागे जाऊन बघितलं. “अगदी तेच वाटतंय हो,” ती म्हणाली. आठ दिवसांतलं तिचं पहिलं सरळ वाक्य. चिरंजीव त्या रात्री गाढ झोपले.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा काढला. “उत्तम!” म्हणाले. अण्णा घरी येताना रिक्षातून वाटेवरची एकेक पाटी मोठ्यानं वाचत होते आणि तिचं कुठलं अक्षर वाकडं लावलंय ते सांगत होते. घरात शिरल्यावर चपलासुद्धा न काढता ते फ्रेमसमोर उभे राहिले. मास्तर मुद्दाम खाली आले होते. बायको स्वयंपाकघराच्या दारात. चिरंजीव टेबलाची कड धरून.

अण्णांनी वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते. सहा पाच, सहा पंचवीस. चिरंजीवांनी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच ‘थांबा’ म्हटलं. अण्णांची नजर रकान्यारकान्यानं उतरत गेली, चौकटीच्या रेघेला लागली आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात येऊन थांबली.

त्याच वेळी काचेआडून एक मुंगी चालत आली. लाल, बारीक. चौकटीच्या रेघेच्या कडेकडेनं ती कोपऱ्यापर्यंत गेली, तिथल्या फटीतून आत शिरली आणि बाविसाव्या ओळीत चहा शोधू लागली. तिच्यामागून दुसरी.

“शिरली,” अण्णा म्हणाले.

मास्तर बघायला पुढे वाकले.

“सूनबाई, खुर्ची दे गं जरा.”

खुर्ची आली. अण्णा बसले. फ्रेमकडे न बघता जमिनीकडे बघत बोलू लागले. “मला वाटतं, माझे डोळे तेव्हापासूनच अधू असणार. चारही कोपरे उघडे आहेत. शाई बघा, कुठे फिकी, कुठे बरबट. तिसरी ओळ तर वर चढलीय. आणि हे मी भिंतीवर लावलं! आल्यागेल्याला हाताला धरून दाखवलं. मालक भला माणूस, म्हणून बोलला नसेल. पण एवढ्या वर्षांत कुणी तरी सांगायचं.”

“अहो अण्णा, जुनं झालंय, झिजायचंच,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, कागद झिजतो. कोपरा झिजत नाही. तो लावतानाच उघडा राहतो.” अण्णांनी नव्या डोळ्याला रुमाल लावला. डॉक्टरांनी पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. “काढ रे ते खाली. माळ्यावर टाक.”

खरं तर सगळं मनासारखं झालं होतं. अण्णांना संशय आला नव्हता. आठ दिवसांच्या खटाटोपाचं फळ समोर होतं आणि आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्यात चिरंजीवांचा हात कुणी धरला नसता. तीस वर्षांची नोकरी त्यांनी त्याच्याच बळावर केली होती. पण समोर बाप खुर्चीत बसला होता आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या आपल्या हातांवर संशय घेत होता.

“अण्णा, हे तुमचं नाही.”

“काय?”

“हे तुम्ही लावलेलं नाही. तुमचं मी भिजवलं. काच बदलायची होती, बाकी काही नाही.” आणि मग फ्रेमवाला, परात, होड्या, मेहुण्याचं डोकं, दोन खिडक्या, तीन दुपारी आणि एकेचाळीस ‘स’, असं सगळं एका दमात बाहेर पडलं. मास्तरांना होड्यांच्या उल्लेखापाशी वर गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं आणि ते गेले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “लगदा झाला?”

“हो.”

“सगळ्याचा?”

चिरंजीवांनी ओळखपत्राचं पाकीट काढलं आणि मागचा तुकडा अण्णांच्या तळहातावर ठेवला. टपाल तिकिटाएवढा, पिवळा, दोन रेघांचा. अण्णा उठून खिडकीपाशी गेले. तुकडा उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. मग मुलाच्या हातात दिला.

“फट दिसते का बघ.”

चिरंजीवांनी बघितलं. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. एक रेघ आडवी येत होती, एक उभी, आणि दोन्ही कुठे भेटल्या ते सांगता येत नव्हतं.

“नाही, अण्णा.”

“नीट बघ.”

“नाही दिसत. मुंगी शिरणार नाही.”

अण्णांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू पूर्वीसारखा झाला. “काय चिरंजीव,” अण्णा म्हणाले, “लाल पेन्सिल आणा.”

वेळापत्रक फ्रेममधून उतरलं. मुंग्या झटकल्या. अण्णांनी ते जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि चार वर्षांचा उपास सोडल्यासारखे त्याच्यावर तुटून पडले. फिका आकडा, गोल. फुगलेला आकडा, गोल. चढलेली ओळ, बाण. चार कोपऱ्यांना चार फुल्या. समासात लिहिलं: ‘प्रूफ गचाळ. पुन्हा दाखवणे.’ एकूण त्र्याण्णव दुरुस्त्या निघाल्या.

संध्याकाळी दोघं डिझाइनरबाईंकडे गेले. बाईंनी ते लाल झालेलं पान बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. “आजोबा, हे सगळं काढलं तर ते अगदी आजचं वाटेल हो.”

“मी लावलं तेव्हा ते आजचंच होतं, बाई.”

बाईंनी प्लास्टिकचं स्टूल पुढे सरकवलं. कोपऱ्यांपाशी आल्यावर अण्णांनी पडद्यावरचं चित्र मोठं करायला लावलं. अजून मोठं. अजून. शेवटी सबंध पडद्यावर नुसता एक काळा कोपरा उरला, तरी फट दिसेना. अण्णा नाखुशीनं म्हणाले, “जमलंय. पण याला काय, कानस थोडीच धरावी लागली.” चिरंजीव मागे उभे होते, कारण स्टूल एकच होतं.

आता भिंतीवर ते स्वच्छ वेळापत्रक आहे, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यावर बरोबर रेघेला रेघ जुळवून तो जुना पिवळा तुकडा चिकटवलेला आहे. जुळवला अण्णांनीच, नव्या डोळ्यानं. पाहुणे आले की कोपऱ्यांची गोष्ट होते आणि लगेच पाठोपाठ लगद्याची. दुसरी जास्त रंगते. त्यात परात आता घंगाळ झालं आहे, मुंग्यांची फौज झाली आहे, आणि परिवहन कार्यालयातल्या प्रसंगात अण्णा दोन्ही लिपिकांचे आवाज काढतात, तेव्हा तर पाहुण्यांची हसून पुरेवाट होते. चिरंजीव त्या वेळी पाणी आणायच्या निमित्तानं आत जातात आणि पेला हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहतात. बायको म्हणते, “अहो, पाणी द्या ना नेऊन.” ते हातानंच थांब म्हणतात.

कारण हसणं ओसरलं की अण्णा शेवटी एक वाक्य बोलतात, दर वेळी तेच आणि जरा हळू आवाजात. “पण सांगितलं हो त्यानं. गप्प बसला असता तर मला आयुष्यात कळलं नसतं.”

ते झालं की मग चिरंजीव पाणी घेऊन बाहेर येतात.